जत्रेच्या दिवशी खाडी रिकामी असते

निवृत्त पोलिसाला लोक हमखास विचारतात, "साहेब, एखादी जबरदस्त केस सांगा ना." त्यांना दरोडा हवा असतो, पाठलाग हवा असतो, निदान एखादा नामचीन गुंड तरी. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. जी केस मला खरोखर आठवते, आणि अजूनही अधूनमधून जेवणावरची वासना घालवते, ती चहाच्या कपाबरोबर सांगण्यातली नाही. आज ती लिहून मोकळा होतो आहे. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि त्यांनी पुष्कळ सोसलं आहे.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी डोंबिवलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. आमची हद्द म्हणजे तीन वेगवेगळी जगं एकाच नकाशात कोंबलेली. एका टोकाला मानपाड्याकडचे केमिकलचे कारखाने, मधे नोकरदारांच्या सोसायट्या आणि दुसऱ्या टोकाला खाडी. कारखान्यांकडून अपघात आणि संप यायचे. सोसायट्यांमधून सायकलचोऱ्या आणि जिन्यातली भांडणं यायची, तीही सविस्तर लेखी अर्जासकट. खाडीकडून मात्र क्वचितच कोणी यायचं. तिथल्या कोळी माणसांचे तंटे गावातच मिटत. पोलीस ठाण्याची पायरी चढणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्यामुळे एका सोमवारी सकाळी एक पन्नाशीचा कोळी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर टोपी हातात धरून उभा दिसला, तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर आलो. गावात त्यांना सगळे नाखवा म्हणत, म्हणजे होडीचा मालक. मीही इथे तेच म्हणतो.

"बायको हरवली," ते म्हणाले.

आदल्या दिवशी, रविवारी, त्यांच्या गावदेवीची जत्रा होती. सकाळी बायको घरातच होती. नाखवा देवळात गेले. दुपारी पालखी निघाली तेव्हा बायकांच्या घोळक्यात ती दिसली नाही. पुढे गेली असेल, मागे राहिली असेल, असं त्यांना वाटलं. पालखी फिरून आली, दिवेलागण झाली, तरी ती घरी नव्हती. भांडण झालं होतं का, तर नाही. अंगावर दागिने होते का, तर रोजचेच. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. अशा वेळी कुठली आई घर सोडून जाईल?

आम्ही मिसिंगची नोंद घेतली. वर्णन बिनतारी संदेशाने सगळ्या ठाण्यांना कळवलं. इस्पितळं पाहिली, रेल्वे पोलिसांना विचारलं. मग मी सहज म्हणालो, "खाडीत शोधलंत का?"

नाखवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना काहीतरी वेडंवाकडं विचारलं आहे.

"जत्रेच्या दिसाला खाडीन कोन उतरत नाय, साहेब. पालनूक असते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जत्रेच्या दिवशी पहाटेपासून पालखी देवळात परत येईपर्यंत गावातलं कोणी होडी काढत नाही, जाळं टाकत नाही, चिखलात पाय घालत नाही. त्या दिवशी खाडी देवीची. ही पाळणूक मोडली तर देवीचा कोप सगळ्या गावावर होतो, आणि मोडणाऱ्याच्या घराला गाव पालखीला हात लावू देत नाही. नाखवांच्या घरात तर ही पाळणूक फार कडक. देवीची पहिली ओटी त्यांची बायकोच भरायची.

म्हणून खाडीत कोणी शोधलंच नव्हतं. आणि त्यांच्या सांगण्यावर मीही खाडीचा विचार बाजूला ठेवला.

पुढे काय होतं ते कुठल्याही पोलिसाला विचारा. चाळिशी उलटलेली बाई नाहीशी झाली की दोन दिवस लोक हळहळतात आणि तिसऱ्या दिवसापासून हसायला लागतात. मासळी बाजारात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं भाजीच्या व्यापाऱ्याबरोबर गेली, कोणी म्हणालं नवऱ्याने मारून टाकली. आमचे हवालदार जुने, खात्यात केस पांढरे केलेले. ते म्हणाले, "साहेब, हा नवरा फार कमी बोलतो. बायको हरवलेला माणूस एवढं कमी बोलत नाही." मलाही ते पटलं. नाखवा रोज सकाळी ठाण्यात यायचे, बाकावर बसायचे, मी दिसलो की उभे राहायचे. विचारायचे काही नाहीत. मी मान हलवली की टोपी घालून निघून जायचे.

मी नाखवांच्या घरी जाऊन आलो. मुलगी दारातच बसून होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. सासरची माणसं तिला घेऊन जायला आली होती, कारण सुतकासारख्या या घरात बाळंतपण नको असं त्यांचं म्हणणं. ती हलायला तयार नव्हती.

"आई मना सांगल्याबिगर दारातून पन जात नाय," ती म्हणाली. "ती येईल तवा मी घरात नसली तर तिला काय वाटंल? ती आल्याबिगर मी हलनार नाय."

शेजारच्या बायका म्हणाल्या, पोर जेवत नाही, डॉक्टरीणबाई रागावल्या आहेत, रक्तदाब वाढला आहे. तिथून निघताना मला पहिल्यांदा या प्रकरणाची घाई वाटली. बाई जिवंत असो नाहीतर नसो, ती कुठे आहे हे कळल्याशिवाय या मुलीचं आणि तिच्या बाळाचं काही खरं नव्हतं.

आणि मग खबर मिळाली. आमच्या धंद्यात खबर देणारा बहुधा काहीतरी मागायला येतो. ही बाई काही मागायला आली नव्हती. बाजारात नाखवांच्या बायकोच्या शेजारी बसून मासळी विकणारी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. रिकामी टोपली घेऊन ठाण्याच्या आवारात उभी राहिली आणि आत यायला तयार होईना. मी बाहेर गेलो.

"सायेब, ती पलून जानारी बाय नाय," ती म्हणाली.

"मग कुठे गेली मावशी?"

तिने टोपली खाली ठेवली.

"खाडीन गेलती."

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मुलगी बोलता बोलता म्हणाली होती, आई, चिंबोरीचं कालवण खावंसं वाटतंय. चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. सासरी कोणी करून घातलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जत्रेमुळे गावात कोणी पकडणारही नव्हतं. आईच्या मनाने ते घेतलं. दुपारी ओहोटी होती. सगळं गाव देवळापाशी. पालखी उठायच्या आत चार चिंबोऱ्या घेऊन येते, एवढंच ती मैत्रिणीला म्हणाली होती.

"मी बोलली, अगं पालनूक हाय. तर बोलली, पोटुशी पोर काय मागते ते देवीला कलत नाय काय? देवी पन आयच हाय." मावशीने पदराने डोळे पुसले. "गावात बोलू नका सायेब. कललं तर पोरीच्या पोटावर घेतील. बोलतील, हिच्या जिभेपायी पालनूक मोडली. म्हनून मी गप होती. पन लोक तिला असं बोलतात ना, ते मना ऐकवत नाय."

मी तिला जागा दाखवायला सांगितलं. ती गावाकडून आली नाही, लांबच्या वाटेने आली आणि बांधावर उभी राहून हात केला. "त्या तिवरांच्या पल्याड. तिथं मोठ्या चिंबोऱ्यांची बिलं हायत. ती तिथंच जायची."

हवालदार आणि मी तिकडे निघालो. तिवरांच्या पलीकडे बिळं नव्हती आणि चिखलही नव्हता. तिथे पिवळ्या मुरमाचा आणि इमारतींच्या राडारोड्याचा ताजा भराव होता, एखादी इमारत उभी राहील एवढा. डंपरच्या चाकांच्या खुणा अजून स्पष्ट होत्या. कडेची तिवराची झाडं मुळासकट आडवी झाली होती.

"साहेब," हवालदार म्हणाले, "मागच्या महिन्यात गस्तीला आलो तेव्हा इथे पाणी होतं."

आम्ही दोघंही त्या मुरमावर उभे होतो. मग दोघंही खाली उतरलो.

इथे नियमाचं सांगायला हवं. केंद्र सरकारचा किनाऱ्याचा नवा नियम तेव्हा नुकताच लागू झाला होता. भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथून ठराविक अंतरात बांधकाम नाही, तिवरं तोडायची नाहीत, पाण्यात भराव टाकायचा नाही. समुद्राला लागू तसाच खाडीलाही. आमच्या ठाण्यात त्याचं परिपत्रक आलं होतं आणि फाइलला लागलं होतं. ते महसूल खात्याचं काम, पोलिसांचं नव्हे, असं आम्ही समजत होतो. तो नियम मन लावून वाचला होता तो फक्त जमिनीच्या धंद्यातल्या लोकांनी. त्यांनी त्यातली वाट शोधली होती. भराव सुट्टीच्या दिवशी टाकायचा. कचेऱ्या उघडेपर्यंत पाण्याची जमीन झालेली असते, आणि मग इथे पूर्वीपासून जमीनच होती असं म्हणायला वकील असतातच.

खणायची परवानगी मागायला मी महसूल कचेरीत गेलो. नायब तहसीलदारांनी कपाटातून नकाशा काढून टेबलावर पसरला.

"इथे भराव नाही. खाडी आहे," ते म्हणाले.

"मी आत्ताच त्याच्यावर उभा राहून आलो."

"असेल. पण रेकॉर्डला खाडीच आहे."

ते वाईट गृहस्थ नव्हते. चहाही पाजला. पण जे रेकॉर्डला नाही ते खणायचं कसं, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

हवालदारांनी रस्त्याकडेच्या टपऱ्या आणि पंक्चरवाले पालथे घालून डंपरचा ड्रायव्हर शोधून काढला. देशावरचा तिशीतला माणूस, बायकापोरं गावी. त्याला आवाज चढवून विचारायची वेळच आली नाही. बाई हरवली आहे म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"रविवारी टाकला साहेब माल. पण खाडीत माणूस नव्हता. नव्हताच. आम्हाला तसं सांगितलेलं."

"उतरून पाहिलं होतंस?"

"नाही. गाडी मागं घ्यायची आन् वरनं हौदा उचलायचा. खाली तिवरं, काय दिसतंय? आन् गावात स्पीकर एवढा मोठा लावलेला, क्लीनर शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं."

"माणूस नाही असं कोणी सांगितलं?"

"ठेकेदारानं. बोलला, त्या दिवशी त्यांची जत्रा असते, खाडीत चिटपाखरू नसतं. गावच्याच माणसानं दिवस काढून दिलाय."

"कोण माणूस?"

"सगळे नाखवा म्हणतात त्याला."

ठेकेदाराचं ऑफिस ठाणे शहरात, वागळे इस्टेटमध्ये. तो वकिलाला घेऊनच आला, पांढरे कपडे, हातात किल्ल्यांचा जुडगा. माझं तिथे कसलंही काम चालू नाही, तो ड्रायव्हर माझा नाही, तो माल माझा नाही, एवढं तीन-तीनदा सांगून गेला. माझं त्याच्याकडे फारसं लक्षही नव्हतं. माझ्या डोक्यात नाखवा बसले होते. बायको खाडीत गेली, ती जिथे जाते तिथेच भराव पडला, आणि तो त्या दिवशी टाका असं सांगणारा तिचाच नवरा. शिवाय रोज ठाण्यात येऊनही त्याने भरावाचा शब्द काढलेला नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने तीनशे दोनचाच विचार केला असता. मी नाखवांना खोलीत बोलावलं, पाणी दिलं, दार लोटून घेतलं. हवालदार कागद घेऊन बसले.

"ठेकेदाराला ओळखता?"

"हो."

"भराव जत्रेच्या दिवशी टाका, असं त्याला कोणी सांगितलं?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मीच."

"का?"

हा माणूस कमी बोलतो असं आम्ही म्हणत होतो. त्या दिवशी ते बोलले. गावाला होड्या लावायला धक्का नव्हता. ओहोटीला होडी लांब राहते आणि बायका डोक्यावर टोपली घेऊन मांडीभर चिखलातून चालत येतात. वर्षानुवर्षं अर्ज केले. मग एका कचेरीत कोणीतरी सांगितलं, आता नवा नियम आला, खाडीला हातच लावता येणार नाही, धक्का विसरा. त्यानंतर हा ठेकेदार आला. म्हणाला, मला भराव टाकू द्या, कडेला तुम्हाला पक्का धक्का बांधून देतो, बायकांचे पाय कोरडे राहतील.

"तिचे गुडघे गेलते साहेब," नाखवा म्हणाले. "रात्री तेल लावताना रडायची. मना वाटलं, होईल धक्का तर तिचं तरी बरं होईल. भराव टाकनं चूक हाय ते मना ठाव होतं. म्हनून तुमच्यासमोर तोंड उघडत नव्हतो."

"पण जत्रेचाच दिवस का?"

"बाकीच्या दिसाला बाया असतात ना चिखलान. कालवं काढतात, चिंबोऱ्या धरतात. गाडी मागं येते, वरून माती सोडते. एखादीला लागली तर? त्याला मी बोललो, टाकायची तर जत्रेला टाक. त्या दिसाला खाडीन मानूस नसतो." त्यांनी मान वर केली. "कुनाला लागू नये म्हनून, साहेब."

हवालदारांचं लिहिणं थांबलं.

खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. खोटं बोलणारा आपण पुढे काय विचारणार त्याकडे लक्ष ठेवून असतो. या माणसाला माझ्या पुढच्या प्रश्नाची चाहूलसुद्धा नव्हती. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. पोलिसाच्या नोकरीत मृत्यूची बातमी द्यायची सवय होते. अशी बातमी द्यायची सवय कोणाला झाली असेल असं मला वाटत नाही.

"नाखवा, तुमची बायको त्या दिवशी खाडीत गेली होती."

"नाय," ते शांतपणे म्हणाले. "ती नाय जायची."

"मुलीला चिंबोरी हवी होती. म्हणून गेली."

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. मग विचारलं, "कंच्या अंगाला?"

मी सांगितलं. ते रडले नाहीत. टोपी डोक्यावर घातली, उठले आणि म्हणाले, "चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी साधून खणायला सुरुवात झाली. मंजुरीसाठी मी नायब तहसीलदारांना सोबतच उभं केलं होतं. त्यांनी पायाखाली पाहिलं, हातातल्या नकाशाकडे पाहिलं आणि सही केली. नगरपालिकेचं यंत्र आणलं होतं. थोडा भराव निघाल्यावर नाखवांनी हात वर करून ते थांबवलं. "आता हातानं," ते म्हणाले. मग गावातली माणसं फावडी, घमेली घेऊन पुढे आली. भरती यायच्या आत काम संपायला हवं होतं, पण कोणी घाईने फावडं मारत नव्हतं. बांधावर बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यात ती मैत्रीण होती. मुलीला घरात धरून ठेवलं होतं.

दुपारी ती सापडली. सगळं लिहिणार नाही. तोंड बांधाकडे होतं, म्हणजे ती परत निघाली होती. पाय गुडघ्यांपर्यंत चिखलात होते. तिने हाका मारल्या असतील, पण गावात स्पीकर लागला होता. तिने पळायचा प्रयत्न केला असेल, पण त्या चिखलातून पाय उपसून काढायला निरोगी गुडघ्यांनासुद्धा वेळ लागतो. त्या वेळी नाखवा पालखीच्या दांडीला खांदा देऊन होते.

कमरेला एक पिशवी होती. तिच्यात चिंबोऱ्या होत्या, नांग्या काथ्याने नीट बांधलेल्या.

पंचनामा चालू असताना नाखवा माझ्याजवळ आले. "ही पिशवी लिवायलाच पायजे काय?"

मी म्हणालो, लिहावीच लागेल. नाहीतर ठेकेदार म्हणेल, बाई दुसरीकडे मेली आणि कोणीतरी इथे आणून टाकली. ती तिथे काय करत होती ते या पिशवीवरूनच सिद्ध होणार होतं. त्यांनी मान हलवली. पण त्या संध्याकाळी गावासमोर आणि मुलीसमोर ते वेगळंच बोलले. होडीचा दोर सुटला होता, मीच तिला धाडलं, पाळणूक मी मोडली. ज्या चार-दोन माणसांनी पिशवी पाहिली होती त्यांनी तोंड उघडलं नाही. गावाने ठरल्याप्रमाणे नाखवांना पालखीपासून दूर केलं. त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. काही दिवसांनी मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या, हे कळलं तेव्हा ठाण्यात हवालदारांनी स्वतःच्या खिशातून पेढे आणले.

खटला ठाणे शहरातल्या कोर्टात चालला. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल ड्रायव्हरला शिक्षा झाली. खरं सांगायचं तर त्या सगळ्या प्रकारात सगळ्यात कमी दोष त्याचा होता. ठेकेदाराविरुद्ध हुकूम दिल्याचा पुरावा उभा राहिला नाही आणि तो सुटला. नाखवा साक्षीला उभे राहिले आणि पिशवीसकट सगळं खरं सांगितलं. बचावाच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे भराव तुमच्याच सांगण्यावरून टाकला गेला?" ते "हो" म्हणाले. वकील न्यायाधीशांकडे बघून हसला. पंचवीस-तीस वर्षं मी कोर्टात उभा राहिलो, पण ते हसू मला अजून आठवतं आणि अजून त्याचा राग येतो.

भराव काढायचा हुकूम झाला. थोडा काढला, बाकीचा राहिला, त्यावर गवत उगवलं. धक्का झाला नाही. पुढे किनारा नियमांची चांगली माहिती असलेले एक निवृत्त अभियंते भेटले. त्यांना मी हे सांगितलं तर ते हळहळले. म्हणाले, "अहो, पाण्याशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांच्या सोयींना त्या नियमात जागा होती. रीतसर परवानगी मागितली असती तर मच्छीमारांना धक्का मिळू शकला असता." ते गावाला कोणी सांगितलंच नव्हतं. नियम वाईट नव्हता. तो नसता तर आज खाडी उरलीच नसती, हेही मला मान्य आहे. पण तो मोडणाऱ्यांपर्यंत पोचला आणि ज्यांची खाडी त्यांच्यापर्यंत पोचला नाही. आमच्या फाइलमधलं परिपत्रक घेऊन एखादा माणूस त्या गावात गेला असता, चावडीवर बसून वाचून दाखवलं असतं, तर एवढंच पुरलं असतं.

पोलिसाला शिकवतात, गुन्ह्यामागे हेतू शोधा. या केसमध्ये मी सगळ्यांचे हेतू शोधले. आई मुलीसाठी गेली. मैत्रीण मुलीसाठी गप्प राहिली. नवऱ्याने कोणाला लागू नये म्हणून दिवस निवडला. ठेकेदार सोडला तर एकाचाही हेतू वाईट निघाला नाही, आणि तरी एक बाई मातीखाली गेली. तेव्हापासून संशयिताला समोर बसवलं की मी पहिला प्रश्न विचारण्याआधी त्याला थोडं बोलू द्यायला लागलो.

बऱ्याच वर्षांनी बदली होऊन मी पुन्हा ठाणे जिल्ह्यात आलो. एकदा जत्रेच्या दिवशी त्या गावात गेलो, वर्दी न घालता. देवळासमोर पालखी सजून तयार होती, पण उचलली जात नव्हती. स्पीकरही बंद होता. मी एका माणसाला विचारलं, कशासाठी थांबलेत? तो म्हणाला, "नाखवा येऊं दे."

लोक बांधाकडे बघत होते. तिथे नाखवा उभे होते, आता पार वाकलेले. त्यांनी तोंडाशी हात धरले आणि तिवरांकडे बघून हाक मारली.

"खाडीन कोन हाय काय गो?"

थोडं थांबून पुन्हा हाक मारली. मग बांधावरून पुढे सरकून पलीकडच्या बाजूलाही मारली. दरवर्षी असंच होतं, असं त्या माणसाने सांगितलं. कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी हाक मारली आणि पालखी आपोआप थांबली. पालखीला ते अजूनही खांदा देत नाहीत. गावाने केव्हाच मोकळीक दिली होती, तेच नको म्हणतात.

माझ्याशेजारी एक बाई येऊन उभी राहिली, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून. तिने मला ओळखलं होतं. मी म्हणालो, "वडील थकले गं."

"थकले," ती म्हणाली. मग मुलीला पुढे पाठवून हळूच बोलली, "साहेब, आई कशाला गेलती ते मना ठाव हाय. चिंबोरी मीच मागलेली ना. पन बाबाना सांगू नका. त्यांना वाटतं मना ठाव नाय."

मी नाही सांगणार म्हणालो, आणि सांगितलं नाही.

नाखवांनी शेवटची हाक मारली आणि कानामागे हात धरून ऐकत राहिले. एवढी माणसं होती, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. मग त्यांनी देवळाकडे वळून हात हलवला, खाडीत कोणी नाही असा. तेव्हा पालखी उठली.